एचआयव्ही एकालाच, मूल दोघांना हवं होतं

यांना टीबी निघाला. टीबीच्या पेशंटची एचआयव्ही तपासणीही करतात, तशी यांचीही केली. ती पॉझिटिव्ह आली, माझी निगेटिव्ह. विंडो पिरियड असतो, म्हणजे लागण झाली तरी सुरुवातीला काही काळ तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी मला परत बोलावलं. तेव्हाही निगेटिव्हच.

टीबीच्या गोळ्या चालू झाल्या, काही आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे एचआयव्हीच्या डोलुटेग्राव्हिर या औषधाचा असर कमी होतो. म्हणून रात्री टीएलडी (डोलुटेग्राव्हिर धरून तीन औषधांची एकच गोळी), आणि बारा तासांनी सकाळी डोलुटेग्राव्हिरची एक जादा गोळी. सुरुवातीला यांना इतकं मळमळायचं की गोळीचं नाव काढलं तरी तोंड फिरवायचे. मी समोर बसून घ्यायला लावायची.

मुलाचा विषय एआरटी सेंटरमध्ये मीच काढला. यांनी मान खाली घातली. समुपदेशक ताई मात्र खुर्ची पुढे ओढून नीट बोलल्या. औषधं नेमानं घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच राहिला तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. आपल्यासारख्या जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झालाय, त्यात पुण्याच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेतलीही जोडपी होती, असं त्यांनी सांगितलं. 2011 साली त्याचे निष्कर्ष आले: एआरटी लवकर सुरू केली तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी घटतं. पुण्याचं नाव ऐकून मला फार धीर आला.

दुसरी गोष्ट तर प्रत्येक जोडप्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. बापाकडून बाळाला थेट लागण होत नाही. आईला झाली तरच बाळाला धोका.

मधे एका खाजगी डॉक्टरांनी ‘असल्या केसमध्ये मूल कशाला?’ म्हणून फाइल परत सरकवली. मी बाहेर येऊन रडले. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला 2017 च्या कायद्यानं मनाई आहे, हे ताईंकडून कळलं तेव्हा माझा संताप अजून वाढला. बाळंतपण सरकारी दवाखान्यातच करायचं ठरवलं.

एआरटीला सहा महिने झाल्यावर व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, काढला. सॅम्पल बाहेरच्या लॅबला जातं, रिपोर्टची वाट बघण्यात जीव टांगणीला लागतो. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलं, म्हणजे विषाणू सापडला नाही. तरी डॉक्टरांनी घाई करू दिली नाही. टीबीचा कोर्स संपू दे, पुढचा व्हायरल लोडही असाच येऊ दे, तोवर निरोध वापरा म्हणाले. तोही तसाच आला. मग पाळीच्या तारखांवरून गर्भ राहण्याचे दिवस ओळखायला शिकवलं.

गरोदरपणात माझी तपासणी पुन्हा पुन्हा झाली, दर वेळी निगेटिव्ह. त्यामुळे मुलीला जन्मल्यावर एचआयव्हीचं कसलंच औषध द्यावं लागलं नाही. अंगावर पाजायलाही अडचण नव्हती.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. रात्रीची गोळी टीबीचीच चालू आहे असं त्या समजतात, आणि मुलगी झोपली की ‘गोळी घेतलीस का रे?’ म्हणून यांना आवर्जून विचारतात.