दोनच पायऱ्या

"पायऱ्या नाहीतच हो काका," पलीकडचा मुलगा म्हणाला. "दोनच आहेत."

मे महिन्याची दुपार. घरातले सगळे आडवे झालेले, आणि मी जेवणाच्या टेबलावर वही उघडून गुहागरच्या बाजूला फोन लावत बसलेलो. ही पाचवी जागा. पहिल्याने "ग्राउंड फ्लोअरच आहे साहेब" असं सांगितलं होतं. फोटो मागवले तेव्हा कळलं की ग्राउंड जिथे आहे तिथून फ्लोअर चांगला कमरेइतका वर आहे. दुसऱ्याकडे 'रॅम्प' होता. फोटोत तो घसरगुंडीसारखा दिसत होता. फूटभर उंची गाठायला बारा फूट उतार लागतो, हे मी गेल्या वर्षभरात शिकलेलं शहाणपण. आपल्याकडे बहुतेक रॅम्प स्कूटर चढवण्यासाठी केलेले असतात. माणूस त्यावरून जाईल हे बांधणाऱ्याच्या डोक्यात नसतं.

आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. मी कुठेही गेलो की आधी पायऱ्या मोजतो. लग्नाचं कार्यालय, डोळ्यांचा दवाखाना, कुणाचं तरी वास्तुशांतीचं नवं घर. माझ्या खिशात एक छोटी मेजरिंग टेपही असते. बायकोला ती मुळीच आवडत नाही. परवा एका मुंजीत मी दाराशी वाकून उंबऱ्याची उंची घेत होतो, तर यजमान धावत आले, त्यांना वाटलं माझी अंगठी पडली. सहा इंची पायरी आईला जमते, धरायला कठडा असला तर सातसुद्धा. आठला ती थांबते, पायरीकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि म्हणते, "तुम्ही व्हा पुढे." कार्यालयांच्या स्टेजच्या पायऱ्या नेहमी आठ-नऊच्या का असतात हे मला न उलगडलेलं कोडं आहे. अक्षता टाकायला येणारी निम्मी मंडळी साठीच्या पुढची असतात की.

तर या खेपेस आम्ही सगळे मिळून कोकणात जाणार आहोत. आई एकोणऐंशी, मावशी चौऱ्याहत्तर आणि तिचा वॉकर, आम्ही दोघं, मुलगी, आणि पुतणी तिच्या दोन वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन. म्हणजे चार पिढ्या आणि एक गाडी. गाडीवरून घरात तीन बैठका झाल्या. टेम्पो ट्रॅव्हलर ऐसपैस, पण तिची पायरी आईच्या मांडीला लागते. सात सीटवालीत चढणं सोपं, पण मागच्या रांगेत जायचं तर मधली सीट दुमडून, अंग चोरून, गुडघे हनुवटीला लावून शिरावं लागतं. तिथे कोण बसणार? मुलगी म्हणाली, मी नाही, मला घाटात लागतं. मुलीला घाट लागतो, मावशीला एसी लागतो (लागतो म्हणजे सोसत नाही), चिरंजीवांना खिडकी लागते. मराठीत 'लागणे' हे क्रियापद नसतं तर आपले प्रवास कसे झाले असते कोण जाणे.

पुढची सीट आईला, यावर मात्र एकमत झालं. तिच्यासाठी डिकीत एक प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल राहील. आधी आमचा जेवणाचा शिसवी पाट न्यायचं ठरत होतं, पण आईने डोळे वटारले. पाटावर पाय ठेवून गाडीत चढायचं? लक्ष्मी बसते त्यावर. मग स्टूल. स्टूल ठेवायचं, तिने डावा हात दारावरच्या कडीला घालायचा, आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. नवी नवरी माप ओलांडते तेव्हा आजूबाजूला जशी माणसं उभी असतात, तशी आम्ही चार माणसं उभी असतो. सगळे एकदम सूचना करतात. आई कुणाचंच ऐकत नाही आणि बरोबर बसते.

खरी अडचण गाडीची नाही, पाण्याची आहे. आईला बीपीची आहे त्यातच पाण्याचीही गोळी आहे. गोळी घेतली की तासा-दीड तासाने जावं लागतं. रस्त्यावरच्या हॉटेलांत ती सोय नेहमी मागच्या अंगाला, ओल्या फरशीवरून जाऊन एक पायरी वर, आणि आत गेल्यावर उकिडवं बसायचं. म्हणून आईने आपल्यापुरता मार्ग काढून ठेवलाय: प्रवासाच्या दिवशी गोळी 'विसरायची' आणि पाणी प्यायचंच नाही. मे महिन्यात. विचारलं की "प्यायले की मघाशी". बाटली मात्र भरलेलीच. मावशीचंही तेच. त्यांच्या पिढीतल्या कुठल्याही बाईला विचारा, लांबच्या प्रवासात तहान मारायची कला या बायका फार लहानपणी शिकल्यात. म्हणून माझ्या वहीत पुणे ते चिपळूण वाटेवरच्या थांब्यांचं एक पान आहे. उंब्रजच्या अलीकडे एक, पाटणच्या पुढे एक, कोयनानगरला एक. प्रत्येकापुढे शेरा: वेस्टर्न आहे, पायरी नाही. वेस्टर्न आहे, दार अरुंद. इंडियन, स्वच्छ, उपयोग नाही. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मग काही नाही.

कोयनानगर आलं की आई सदुसष्टच्या भूकंपाची गोष्ट सांगते. 11 डिसेंबरची पहाट, चिपळूणला माहेरी फळीवरची सगळी पितळी भांडी एकदम खाली आली आणि तिच्या वडिलांना वाटलं मांजर. ती गोष्ट यंदाही होईल. नातवंडांना पाठ आहे. पण वहीत त्यासाठी दहा मिनिटं धरली आहेत.

पाहण्याच्या जागांवरही काट मारून झाली. मार्लेश्वर गेलंच, तिथे पाचशेच्या आसपास पायऱ्या. चिपळूणजवळच्या परशुरामाला वरच्या रस्त्यापासून खाली उतरावं लागतं, आणि उतरणं तर गुडघ्यांना चढण्यापेक्षा वाईट. गणपतीपुळ्याला देऊळ समुद्राला लागूनच, दर्शन जमेल, पण प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची, साधारण किलोमीटरभर. ती मुलीने घालावी आणि पुण्य वाटून घ्यावं असं मावशीने सुचवलंय.

हे सगळं मी फोनवर मोठ्या आवाजात बोलत असतो. आई आत लसूण सोलत असते. तिला ऐकू येत नाही असा माझा समज. परवा मी असाच एका जागेला "नक्की किती पायऱ्या?" विचारून फोन ठेवला, आणि ती आतूनच म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे सगळे. मला नाही यायचं. काय ठेवलंय आता त्या कोकणात?"

मी उत्तर दिलं नाही. ते वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं.

आमचं गावातलं घर वाडीत, खाली. एसटी वर सड्यावर सोडायची. उन्हाने तापलेला काळा कातळ, एकही झाड नाही, आणि त्याच्या टोकाशी जिथून झाडी सुरू होते तिथून पाखाडी खाली उतरायची. जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या, दोन सारख्या नाहीत, वर फणसाची वाळकी पानं, पाय ठेवला की कुर्रकन वाजणारी. आम्ही पोरं ट्रंक, वळकट्या सगळं मोठ्यांवर टाकून सुसाट सुटायचो. दर वर्षी पायऱ्या मोजायच्या आणि दर वर्षी भांडण. चुलतभावाच्या एकशे अठरा भरायच्या, माझ्या एकशे एकवीस, कारण काही पायऱ्या होत्या आणि काही नुसतेच दगड होते, आणि कोणता दगड पायरी धरायचा यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मागून आई यायची. कडेवर धाकटा भाऊ, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. ती धापा टाकत होती का? मला आठवत नाही. मी मागे वळून बघितलंच नसणार.

खाली ओटीवर आजी बसलेली असायची. आम्ही तिला दर वर्षी विचारायचो, आजी, तू पुण्याला का येत नाहीस? आणि ती म्हणायची, "काय ठेवलंय तुमच्या पुण्यात?" नळाचं पाणी कसं पितात, डबीएवढ्या घरात कसं राहतात, असं बरंच काही. आम्हाला ते पटायचं. आजीला पुणं आवडत नाही, हे आमच्या घरात भूगोलासारखं पक्कं होतं. वडील थोडे हिरमुसायचे. पुण्याची दोन खोल्यांची जागा त्यांनी कर्ज काढून घेतलेली, आणि त्यांच्या आईने ती पाहिलीच नाही.

ब्याऐंशी साल असेल. मी अकरा वर्षांचा. आजीचा ताप उतरेना तेव्हा वाडीतल्या चौघांनी डोली केली, लाकडी खुर्ची, दोन वासे आणि सुंभ. वरच्या वाटेवर जीप आणून ठेवलेली. आजी खुर्चीत अवघडून बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, आणि जाताना वाटेतल्या प्रत्येक घराकडे बघत होती. एका वळणावर म्हणाली, "अगोबाई, हिने माडी कधी चढवली?" त्या घराची माडी बांधून सहा वर्षं झाली होती. मी मागून तिच्या वहाणा हातात घेऊन चाललो होतो. वहाणा अगदी नव्या होत्या, तळ न झिजलेल्या. याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

"किती होत्या गं पाखाडीच्या?" मी आत जाऊन आईला विचारलं.

"विहिरीपर्यंत एकसष्ट," आई लसणाची पाकळी नखाने सोडवत म्हणाली. "त्याच्या वर नाही मोजल्या. लग्न झालं त्या वर्षी रोज दोन हंडे आणायचे. तेविसावी मोठी होती, तिथे टेकता यायचं." मग थोड्या वेळाने, "तुझ्या त्या मुलाला विचार, दोन म्हणजे केवढ्या दोन."

म्हणून आज हा पुन्हा फोन. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आई एकोणऐंशीची आहे, मावशी वॉकर घेऊन चालते, तू जरा बाहेर जा आणि मोजून सांग. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "थांबा हां," म्हणाला. चपलांचा फटफट आवाज, लांब कुठेतरी कोंबडा अवेळी आरवत होता, आणि मग त्याचा पुटपुटणारा आवाज.

"काका, पाच निघाल्या."

"तू दोन म्हणालास."

"हो ना. पाचच आहेत पण." तो स्वतःच चक्रावला होता. "उंची पण बघू का?"

"बघ. टेप आहे का?"

"टेप नाय. विताने सांगतो." पुन्हा शांतता. "एक वीत. आणि शेवटची एक वीत, दोन बोटं."

मी वहीत लिहून घेतलं. पाच, एक वीत, शेवटची दोन बोटं जास्त. त्याला म्हटलं, दोन खोल्या धरून ठेव. मग खिशातली टेप काढून माझी वीत मोजली, ती सव्वाआठ इंच भरली. आवाजावरून पोरगा लहान वाटत होता, चणीनेही बारीक असावा. पण त्याची वीत केवढी, ते विचारायचं राहूनच गेलं.