एकच बीट, दोन आवाज

रॅपर कसलेला, बीट म्हणजे रॅपखाली वाजणारी संगीताची साथही उत्तम, आणि तरीही गाणे बसत नाही, असे हिप-हॉपमध्ये पुष्कळदा घडते. जोडी नेमकी कशामुळे जमते याचा विचार करताना मी दरवेळी एकाच अल्बमपाशी येऊन थांबतो. एमएफ डूम हा रॅपर आणि मॅडलिब हा बीट रचणारा निर्माता यांनी ‘मॅडव्हिलन’ या नावाखाली केलेला ‘मॅडव्हिलनी’ मार्च २००४ मध्ये स्टोन्स थ्रो कंपनीने प्रसिद्ध केला. तो मला आवडतो हे खरेच. परंतु त्याच्याकडे वळण्याचे खरे कारण वेगळे आहे. जोडी कशी जमली हे पडताळून पाहण्याची सोय या अल्बमच्या बाबतीत योगायोगाने झालेली आहे.

यातले काही बीट मॅडलिबने २००२ मध्ये ब्राझीलच्या प्रवासात, हॉटेलच्या खोलीत बसून तयार केले. हाताशी बॉस कंपनीचा एसपी-३०३ हा लहानसा सॅम्पलर (रेकॉर्डमधले आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणारे यंत्र), सहज नेता येईल असा टर्नटेबल आणि जुन्या रेकॉर्ड, एवढेच साहित्य होते. पुढे अल्बम पुरा होण्याआधीच त्याची कच्ची प्रत बाहेर फुटली आणि इंटरनेटवर पसरली. दोघांनी काम बाजूला ठेवले आणि २००३ मध्ये आपापले इतर अल्बम काढले. पुन्हा एकत्र आल्यावर डूमने आपला भाग नव्याने रेकॉर्ड केला. शब्द बहुतेक तेच होते. आवाज मात्र त्याने खालच्या पट्टीत आणला आणि उच्चारातली घाई काढून टाकली.

मी एका रात्री हेडफोन लावून दोन्ही प्रती आलटूनपालटून ऐकल्या. कच्च्या प्रतीतला डूम जोशात आहे, प्रत्येक यमक ठासून म्हणतो आहे, आणि नेमके तेच कानाला खटकते. मॅडलिबच्या बीटमध्ये मुळातच दाटी असते. रेकॉर्डची खरखर, अर्धवट तुटलेले सूर, मध्येच डोकावणारे संवाद यांत चढा आवाज शिरला की धक्काबुक्की सुरू होते. अंतिम प्रतीत तोच माणूस खुर्चीत मागे रेलून, स्वतःशीच बोलल्यासारखा बोलतो, आणि बीटचे सगळे कानेकोपरे ऐकू येऊ लागतात.

‘अकॉर्डियन’ हे जेमतेम दोन मिनिटांचे गाणे घ्या. त्याचा मुख्य सूर डेडेलस या लॉस एंजेलिसच्या संगीतकाराच्या रचनेतून उचललेला आहे. (पेटीवर वाढलेल्या आपल्या कानांना तो पहिल्या क्षणीच ओळखीचा वाटतो, अकॉर्डियनप्रमाणेच पेटीतही भात्याची हवा पत्तीवरून जाऊनच स्वर उमटतो.) तो सूर श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि ओसरतो. गाण्याला ध्रुवपद नाही. डूमची यमके ओळीच्या शेवटी निमूटपणे उभी राहत नाहीत. चार-पाच अक्षरांचा एखादा नाद ओळीच्या मध्येच सुरू होतो, आवर्तन संपले तरी वाक्य संपत नाही, आणि गवय्याने सम मुद्दाम थोडी उशिरा गाठावी तसा तो पुढच्या ओळीत जाऊन थांबतो. खाली चालणारा तो फिरता सूर इतका सरळ आणि संथ नसता, तर हे रेंगाळणे निव्वळ बेताल वाटले असते.

पडताळणीची दुसरी बाजू २००८ मध्ये खुद्द मॅडलिबनेच पुरवली. डूमचा तोच आवाज त्याने सर्वस्वी नव्या बीटवर बसवला आणि सगळ्या अल्बमचे रिमिक्स काढले. कारागिरीत कुठे खोट काढता येत नाही. तरीही डूम तिथे पाहुण्यासारखा वाटतो, कारण ज्या बीटसाठी त्याने आवाज उतरवला तेच पायाखालून काढून घेतलेले आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी मॅडलिबने हिंदी चित्रपटसंगीताचे तुकडे घेऊन भारतावरचा अल्बम केला होता. तोही मला प्रिय आहे, पण त्यात रॅपर नाही, आणि कित्येक ठिकाणी आता कोणीतरी बोलायला लागावे असे वाटत राहते.

रिमिक्सची ती तबकडी मी आठ-दहा वेळा तरी प्रामाणिकपणे ऐकली असेल. नवे ठेके आता ओळखीचे झाले आहेत. पण भांडी घासताना डूमच्या ओळी तोंडात आल्या, की खाली सुरू होतो तो जुनाच भाता.