पोत्यातलं सोयाबीन, लेकराच्या वाटीत

पावसाळ्यात आमच्या औसा तालुक्यात कुठंही उभं राहा, नजर जाईल तिथवर सोयाबीनच. पण ते घरात खायचं म्हटलं की सगळे तोंडाकडं बघतात. मळणी झाली, पोती शिवली, टेम्पोनं लातूरला आडतीवर गेली, विषय संपला. तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्यामुळं आत्याबाईंच्या लेखी सोयाबीन हे माणसाचं खाणंच नाही.

लेकराला सहा महिने झाले, उष्टावण झालं, मुगाचं वरण आणि गुरगुट्या भात सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, अंडंही द्या. आत्याबाई माळकरी, घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही. ज्यांच्याकडं चालतं त्यांनी जरूर द्यावं. मला मात्र त्यावरून घरात महाभारत नको होतं. म्हणून डॉक्टरांना विचारून टोफू करायचं ठरवलं. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर.

कोपऱ्यातल्या पिशवीत हात घालणार, तेवढ्यात नवरा ओरडला. ते पेरणीचं उरलेलं बियाणं होतं, औषध चोळलेलं! शेतकऱ्याच्या घरात ही चूक सहज होऊ शकते, म्हणून मुद्दाम सांगते. खाण्यासाठी साधं, निवडलेलंच घ्या.

वाटीभर दाणे रात्रभर भिजवले. सकाळी चोळून सालं काढली, मिक्सरला पाणी घालून वाटलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं. ते दूध उकळायला ठेवलं आणि क्षणभर पाठ फिरवली तर फेस येऊन शेगडीभर उतू. तरीही हलवत हलवत वीसेक मिनिटं उकळायचंच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनंच मोडतात. शिवाय तो कच्चट वासही कमी होतो. मग गॅस बंद करून लिंबू पिळलं, दूध फाटलं, फडक्यात बांधून वर पाण्याची तपेली ठेवली. लेकरासाठी जास्त दाबायचं नाही, बोटानं सहज कुस्करलं पाहिजे.

"काय करायलीस गं सकाळपासनं?" आत्याबाई दोनदा डोकावून गेल्या.

पहिल्या दिवशी फक्त अर्धा चमचा दिला, तोही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. सोयाची काही लेकरांना ॲलर्जी असते. अंगावर पित्त उठलं किंवा उलट्या झाल्या तर थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे. तोंड सुजलं किंवा धाप लागली तर तडक दवाखाना. पुढचे तीन दिवस दुसरं नवं काही दिलं नाही. मीठ-साखर वर्षाच्या आत नाहीच. अंगावरचं दूध तर चालूच.

आमच्या पठ्ठ्यानं पहिला घास जिभेनं बाहेर ढकलला, दुसरा माझ्या पदरावर. तिसऱ्या दिवशी वरणात कुस्करून दिलं तर गपागप.

फडक्यात उरलेल्या चोथ्याचे ज्वारीच्या पिठात कालवून धपाटे केले. आत्याबाईंनी दोन खाल्ले, कशाचे ते विचारलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "औंदा आडतीला न्यायच्या आधी पाच-सहा किलो बाजूला काढ रे."