गोड म्हणायचं राहिलं

गुरुवार. खरं तर शुक्रवार लागला, साडेबारा वाजून गेलेत.

तोंडातला खारटपणा जाईना. दोनदा चूळ भरली, गुळाचा खडा चघळला, तरी जिभेच्या मागं तो आहेच. परतताना येष्टीत तहान लागली म्हणून आईच्या पिशवीतली बाटली काढली आणि न पाहता दोन घोट घेतले. तिसरा खिडकीबाहेर थुंकला. आई डोळे मिटूनच म्हणाली, "थे बोअरची हाये. प्याची खालतं हाये."

सव्वीस किलोमीटर पायी शेगावले जाताना बाईनं बोअरचं पाणी सोबत नेलं होतं. महाराजांना दाखवायला.

बोअर मारल्याला उद्या तीन आठवडे होतील. खारपाणपट्ट्यात राहून बोअर मारतो म्हणजे येडाच, हे मलाही कळतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाण्यातली शेकडो गावं याच पाण्याच्या नावानं ओळखली जातात, त्यात माझ्याच वावरात गोड झरा कुठून येणार? पण नाल्याच्या काठानं कुठं कुठं बरं पाणी लागतं. शेजाऱ्याला लागलंय. आणि पाणी पाहणाऱ्याच्या तळहातावर नारळ सरळ उभा राहिला. नारळाला चव कळत नसते, हे तेव्हा सुचलं नाही.

बोअरची गाडी सुरू झाली तेव्हा आधी पिवळी माती आली, मग चिकट गाळ, आणि दीडशे फुटांच्या अलीकडंच पाणी उसळलं. पोरं नाचली. आईनं पहिली ओंजळ माझ्या तोंडाशी धरली. मी गिळलं आणि "लागलं" म्हणालो. तेवढंच म्हणालो. बाकी तिनं माझ्या चेहऱ्यावरून वाचलं असेल, कारण दुसरी ओंजळ तिनं स्वतः पिऊन पाहिली आणि पदरानं तोंड पुसलं.

नंतर नमुना तपासून आणला. क्षारता सी-४. त्यात वर्गच चार असतात. हे पाणी आमच्या काळ्या मातीला देत राहिलं तर दोन-चार हंगामांत ती अशी आवळून बसेल की पावसाचं पाणीही आत जाणार नाही. म्हणजे आहे ते पाणी वापरायचंसुद्धा नाही.

मी काय बंगला मागितला होता का? हरभऱ्याला दोन पाणी. एक फुलावर, एक घाटे भरताना. बस. त्यासाठी एक लाख दहा हजार मातीत घातले. ताईच्या पाटल्यांचं नंतर पाहू, आज त्यावर लिहीत नाही.

तर नवस. "पानी लागू दे, पायी येईन." हा आईचा नवस. मला वाटलं, विषय संपला. जे मागितलं ते मिळालं नाही, मग फेडायचं काय? परवा रात्री ती टाचांना तेल चोळत बसली होती. म्हटलं, काऊन? तर म्हणते, "म्या पानी मांगतलं, पानी लागलं. गोड म्हनाचं राह्यलं, थे माही चूक. तुले याचं असन तं ये."

आता यावर माणूस काय बोलणार? वकिलालाही उत्तर देता येणार नाही. मला मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. राग महाराजांवर आहे की तिच्यावर, हे सकाळपासून ठरवतोय. पहाटे तीनला निघालो, ती पुढं आणि मी मागं, आणि सगळी वाट तिच्या चपलेकडं पाहत हेच. तिला फसवल्यासारखं वाटत नाही, याचाच राग आहे बहुतेक. मला वाटतंय ना, मग तिलाही वाटायला पाहिजे.

समाधीपुढं उभा राहिलो तेव्हा डोळे मिटले, पण काहीच मागितलं नाही. रुसून मागितलं नाही, हेही वरच्याला कळलं असेल. सेवेकरी म्हणाला, "माउली, पुढं चला." चाललो.

रांगेत अकोलीची विहीर आठवत होती. लहानपणी आई पोथीतला तो अध्याय वाचायची तेव्हा मी कान देऊन ऐकायचो. बारा वर्षं कोरडी विहीर आणि महाराजांनी ती भरली. मी कायम विहिरीच्या बाजूनं ऐकलं. आज पहिल्यांदा भास्कर पाटलाच्या बाजूनं विचार केला. त्यानं तर पाणी मागितलंच नव्हतं. उलट तहानलेल्या महाराजांना त्यानं घोटभर पाणी नाकारलं, हिडीसफिडीस केलं. आणि पाणी लागलं त्याच्या समोर! इथं माझी माय पायी जाते आणि तिला सी-४.

असं मनात घोळवत, स्वतःची कीव करत महाप्रसादापर्यंत गेलो. तिथं वाढलेलं बोटं चाटत खाल्लं, भूकच तशी लागली होती. आणि खाता खाता पुढचं आठवलं. पाणी लागल्यावर भास्करानं शेतीच सोडली की! महाराजांच्या मागं गेला. म्हणजे ज्याला फुकट गोड पाणी मिळालं, त्यानं त्यावर मळा काही फुलवला नाही. मला एकट्यालाच हसू आलं. आईनं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, ठसका लागला.

बाटलीचं काय केलं, ते मी विचारलं नाही. दाखवली असेल तिनं बारीत उभ्या उभ्या, पिशवीतूनच. झाकण पक्कं लावून परत आणलीय. आता देवळीत ठेवलीय, दिव्याच्या शेजारी. गंगाजलाच्या गडूला चिकटून. हलवायची कोणाची हिंमत नाही.

शेततळ्याचं मोठ्याशी बोलायला पाहिजे. पावसाचं तरी गोड असतं. पण त्याला अजून बोअरचंच सांगितलेलं नाही.

आणि बोअरच्या केसिंगचं, म्हणजे पाइपाचं, तोंड मी रागारागात तसंच सोडलंय, नुसतं पोतं टाकून. वाऱ्यानं उडालं असेल. पोरं फिरतात तिकडं. सकाळी उठल्या उठल्या आधी झाकण आणतो.