बाबांची उसनवारी, तीन वर्षांची मुदत आणि एका चेकची झेरॉक्स

बाबा डिसेंबर २०२२ मध्ये गेले. त्यांच्या फायली आवरताना दोन उसनवाऱ्या निघाल्या, दोन्ही एकाच माणसाकडे, ज्यांना आम्ही लहानपणापासून काका म्हणतो. पहिली नोव्हेंबर २०१३ ची, २ लाख, चेकने दिलेले, लिखापढी काही नाही. दुसरी जून २०१८ ची, साडेतीन लाख, त्यावर मात्र रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केलेली प्रॉमिसरी नोट, मागाल तेव्हा परत देईन अशी. फोन केला तर काका म्हणाले, अरे देणं आहेच, नाही कोण म्हणतंय, जरा दम धर. आई म्हणाली थांबूया, इतक्या वर्षांचे संबंध आहेत. मी म्हटलं निदान विचारून तरी येतो.

वकील मॅडमनी रक्कम किती, व्याज किती, साक्षीदार कोण, यातलं काहीच आधी विचारलं नाही. पैसे दिले कुठल्या तारखेला आणि त्यानंतर काकांच्या सहीचा एखादा कागद आहे का, एवढंच. बहुतेक लोकांना वाटतं की समोरचा "देत नाही" म्हणाला की तिथून दावा लावायची तीन वर्षं मोजायची. तसं नाहीये. १९६३ चा मुदत कायदा म्हणतो की उसने दिले असतील तर पैसे दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षं, "मागाल तेव्हा देईन" असं ठरलेलं असलं तरी दिल्यापासूनच, आणि मागताक्षणी द्यायची प्रॉमिसरी नोट असेल तर नोटेवरच्या तारखेपासून. म्हणजे तुम्ही संकोचाने मागितलेच नाहीत तरी दिवस भरतच राहतात. माणूस गेला तरी भरतात, कलम ९ सरळ सांगतं की एकदा मुदत सुरू झाली की नंतरच्या अडचणीने ती थांबत नाही, त्यामुळे बाबा गेले म्हणून आम्हाला नव्याने काही वर्षं मिळतील हा विचार सोडून द्यावा लागला.

२०१३ च्या पैशांची मुदत नोव्हेंबर २०१६ लाच संपलेली. पण बाबांच्या डायरीत मधल्या काळातल्या नोंदी होत्या, अमुक तारखेला रोख ५००० आले, तमुक तारखेला ३०००. मला वाटलं झालं काम. थोडी परतफेड झाली की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात हे खरंच आहे, कलम १९, पण ती परतफेड करणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात दिसली पाहिजे. डायरी बाबांच्या अक्षरातली. ज्याचे पैसे येणं आहेत त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या जमेचा इथे उपयोग शून्य.

मग दुसरा कागद काढला, काकांनी २०१७ मध्ये बाबांना लिहिलेलं पत्र, त्यात "तुमचे २ लाख माझ्याकडे आहेत, हिशेब मान्य" आणि खाली सही. सही त्यांचीच, मजकूर स्पष्ट. मॅडमनी तारीख बघितली आणि पत्र बाजूला ठेवलं. कलम १८ प्रमाणे लेखी कबुलीने नवी मुदत मिळते, पण कबुली जुनी मुदत संपायच्या आत आलेली हवी. हेच पत्र २०१६ च्या सप्टेंबरात आलं असतं तर त्याला किंमत होती. गंमत म्हणजे मुदतीतल्या पत्रात कोणी "देणं आहे पण देणार नाही" असं लिहिलं तरी ती कबुलीच धरतात, आणि इथे इतकं गोड भाषेतलं पत्र निकामी.

एक वाट उरते. करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे मुदत गेलेलं कर्जही फेडायचं लेखी, सही केलेलं वचन दिलं तर ते वचन बंधनकारक असतं. पण "मान्य आहे" म्हणजे वचन नाही, "देईन" असं पाहिजे. काकांच्या पत्रात ते नव्हतं.

इथे एक गोष्ट मला फार रंजक वाटली. मुदत गेली म्हणून कर्ज संपत नाही, फक्त कोर्टाचं दार बंद होतं. १९५८ च्या बॉम्बे डाइंगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय. म्हणून मुदत गेलेले पैसे समोरच्याने आपणहून दिले तर ते तुमचेच, परत मागता येत नाहीत. जमिनीचं मात्र उलट. ताबा परत मिळवायच्या दाव्याला १२ वर्षं असतात आणि ती गेली की कलम २७ ने मालकी हक्कच संपतो. अर्थात नुसता कोणी १२ वर्षं राहिला म्हणून मालक होत नाही, भाडेकरू किंवा परवानगीने राहणारा तर नाहीच, ताबा उघड आणि मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध असावा लागतो. पण हक्क मुळासकट जातो हे ऐकून मला आमच्या कितीतरी नातेवाइकांची आठवण आली, जे म्हणतात सातबारावर नाव आहे ना, मग बघू सावकाश.

तर २०१८ ची नोट. साधा हिशेब केला तर तीही जून २०२१ ला गेलेली. वाचवलं कोविडने, असं म्हणायला विचित्र वाटतं पण खरं आहे. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळला, त्यामुळे आमची शिल्लक मुदत १ मार्च २०२२ पासून पुढे चालू झाली आणि मे २०२३ च्या अखेरपर्यंत आली. मी गेलो तेव्हा मार्च चालू होता. शिवाय काकांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये व्याजापोटी एक चेक दिलेला, तो वटलेलाही होता आणि बाबांना प्रत्येक चेकची झेरॉक्स काढायची सवय. चेकवर सही काकांची, म्हणजे डायरीत जे नव्हतं ते इथे होतं, आणि त्या तारखेपासून नवीन तीन वर्षं. दोन्ही मुद्दे दाव्यातच लिहावे लागतात, मुदतवाढ कशामुळे मिळते हे वादीनेच आधी सांगायचं असतं.

मी म्हटलं आधी नोटीस पाठवून बघू, नात्यात कशाला कोर्ट. मॅडम म्हणाल्या पाठवा की, पण नोटिशीने एक दिवससुद्धा वाढत नाही. हे मी नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांना पटलंच नाही, दर दोन वर्षांनी रजिस्टर नोटीस पाठवली की दावा जिवंत राहतो असा लोकांचा ठाम समज आहे. दुसरा समज उशीर माफीचा. कलम ५ खाली कोर्ट उशीर माफ करू शकतं ते अपिलात आणि अर्जात, मूळ दाव्यात नाही. दावा एक दिवस उशिरा आला तरी तो फेटाळायचा, आणि समोरच्याने मुदतीचा म पण काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे कोर्टाने स्वतःहून बघायचं.

मेमध्ये उन्हाळी सुट्टी. कोर्ट बंद असताना मुदत संपली तर उघडल्याच्या दिवशी दावा चालतो, पण त्या भरवशावर कोण राहणार, एप्रिलमध्येच दाखल केला, वादी म्हणून आई, बहीण आणि मी. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसांना येणं वसूल करायचा अधिकार देणारा कोर्टाचा दाखला, तेव्हा हातात नव्हतं. मृत माणसाच्या येणे रकमेचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, व्हायला ते किंवा तसाच दुसरा अधिकाराचा कागद लागतो, पण दावा दाखल करायला ते अडत नाही. ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी सर्टिफिकेट येईपर्यंत दावा थांबवून ठेवू नका, तो काळ कोणी भरून देत नाही.

काकांच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पैसे घेतलेच नाहीत असं कुठेही नव्हतं, फक्त मुदतबाह्य, मुदतबाह्य. माणूस फोनवर "देणं आहेच" म्हणतो आणि कागदावर हे, मला रागही आला, पण कायद्याने दिलेला बचाव आहे तर वकील तो घेणारच. चेकची झेरॉक्स आणि बँकेचं स्टेटमेंट आल्यावर त्यांचा जोर कमी झाला आणि शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली, मुद्दल पूर्ण, व्याज थोडं सोडलं, हप्ते पुढच्या तारखांच्या चेकने. त्या चेकना परत त्यांचीच घड्याळं, तीन महिन्यांत भरायचा, परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. सगळ्या तारखा मी फोनमध्ये टाकून ठेवल्यात.

२०१३ च्या २ लाखांबद्दल काका तिथेच आईला म्हणाले, वहिनी, ते पण देईन, माझा शब्द आहे. मॅडमनी लगेच एका कोऱ्या कागदावर दोन ओळींचं वचन लिहून सहीसाठी पुढे केलं. त्यांच्या वकिलाने वाचलं, हसला, आणि कागद परत दिला. मी त्याच्या जागी असतो तर मीही काकांना सही करू दिली नसती.