पाव इंच लाकूड

"अगं, दोघं इंजिनिअर ना तुम्ही? मग गुडघ्यावर बसून जमिनी कसल्या घासताय? तिकडे माणसं मिळत नाहीत का?" मावशीचा हा प्रश्न मला लागला. फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माणसं मिळतात. चौरस फुटाला पाच डॉलर सांगतात आणि धूळ, गुडघे, कमर यांचा हिशेब केला तर ते वाजवीच आहेत. पण पैसे हे अर्धंच कारण.

बॉस्टनजवळचं आमचं घर १९२० च्या दशकातलं. जुनं कार्पेट उचललं तर खाली रेड ओकच्या पट्ट्या निघाल्या, सव्वादोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. वर काळपट, पापुद्रे सुटलेलं वार्निश. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. खिळा जिभेतून तिरका मारलेला असतो, त्यामुळे वरून एकही दिसत नाही. त्या जिभेच्या वर साधारण पाव इंच लाकूड असतं. घासायला मिळतं ते एवढंच. काळजीपूर्वक घासलं तर एका खेपेला मिलिमीटरभरसुद्धा जात नाही. म्हणजे बांधणाऱ्याने पुढच्या कित्येक दुरुस्त्या आधीच धरून ठेवल्या होत्या! किती शिल्लक आहे हे बघायचं तर जमिनीतली हीटरची जाळी उचलायची, तिथे फळीची कापलेली कड उघडी दिसते. मी टॉर्च धरून, मोजपट्टी लावून मोजलं. जवळजवळ सगळं शाबूत होतं. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

अमेरिकेत घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं आणि घासताना त्याची विषारी धूळ उडते, म्हणून आधी तपासणी. ती झाली आणि ढोलाचं सँडर, म्हणजे फिरत्या ढोलावर घासकागद चढवलेलं जमीन घासायचं मशीन, भाड्याने आणायला गेले.

दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मशीन लगेच दिलंच नाही. मागच्या अंगणात एका टाकाऊ फळीवर माझ्याकडून चालवून घेतलं. आधी पाय उचलायचा, मग ढोल टेकवायचा. थांबायच्या आधी ढोल वर. एका जागी क्षणभर टेकला तरी खळगा पडतो आणि तो पॉलिश चढल्यावर खिडकीच्या उजेडात कायम दिसत राहतो. घासकागद आधी छत्तीस नंबरचा, मग साठ, मग शंभर; नंबर लहान तितका कागद खरखरीत. मधला नंबर गाळायचा नाही, कारण छत्तीसने पाडलेले ओरखडे शंभरने निघत नाहीत. कडांना वेगळं छोटं मशीन, कोपरे हाताने पोलादी पात्याने खरवडायचे. आणि सगळ्यात मोठी ताकीद: मशीनची भुशाने भरलेली पिशवी रात्री घरात ठेवायची नाही, तेलाच्या पॉलिशची फडकी गोळा करून टाकायची नाहीत. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवायची. अनोळखी बाईसाठी त्यांनी एवढा वेळ दिला, हे मी विसरणार नाही.

आपल्याकडे मोझेकच्या फरशीला पॉलिश करायला मिस्त्री यायचे, घरभर पांढरा चिखल व्हायचा, तत्त्व तेच. आणि हे ठासून सांगते, मावशी, की घासण्यात कमीपणा नाही. कापसाच्या बोळ्याने लाखेचं पॉलिश चढवणारे आपले कारागीर मी लहानपणी तासन्‌तास बघितलेत. तो हात इथे मी अजून कुठे पाहिला नाही.

मग इथे कोणीतरी विचारतंच, तुमची जुनी घरं कुठे गेली? नारायण पेठेतला आमचा वाडा पाडला, सागवानी तुळया आणि तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या घनफुटाच्या भावाने गेल्या. विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमाराचा, त्याचा सागवानी दर्शनी भाग अजून उभा आहे, म्हणजे सागाचा दोष नव्हता. पण गळकं छप्पर, सामाईक संडास, भाऊबंदकीचे दावे आणि जुनं भाडं या सगळ्यात आमच्या वाडवडिलांनी कोणत्या पैशाने तो वाडा राखायचा होता? सगळ्या बिऱ्हाडांना स्वतःचं पक्कं घर मिळालं. इथे एका कुटुंबाला पूर्ण घर, कर्ज, कोपऱ्यावर भाड्याचं मशीन. तुलना करायची तर सगळ्याचीच करावी.

वाड्यातला झोपाळा मात्र मामांनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आणून टांगला. त्याच्या सागवानी पाटावर ऑइलपेंटचे थर चढलेत. मामा, यंदा डिसेंबरात तो मी उतरवणार आहे. जुना रंग आहे, त्यामुळे आधी शिशाची तपासणी, कोरडं घासणं नाही. रंग उतरवायचं जेल लावून तो खरवडून काढू, मग ऐंशी आणि एकशेवीस नंबरच्या कागदाचा हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने. सागात स्वतःचं तेल असतं, पॉलियुरेथेन हे आजकालचं वार्निश त्यावर लवकर वाळत नाही, म्हणून आधी थिनरने पुसून लाखेचाच हात द्यायचा. लाखदाणा आणि स्पिरिट तेवढं आणून ठेवा. रंगवायला मात्र कोणाला बोलावू नका, मी येईपर्यंत थांबा.