राहत्या वाड्याचं ऑफिस का केलंत?

हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला, सदाशिव पेठेतल्या शेजाऱ्यांनी विचारला, वारसा जपणाऱ्या मंडळींनी तर आवाज चढवून विचारला. दरवेळी माझं उत्तर अर्ध्यावर तोडलं जातं. म्हणून आज पूर्ण सांगते. ऑफिस म्हणजे खुर्चीगणिक भाड्याने देतो ते सामायिक ऑफिस.

वाडा राहता उरलाच कुठे होता? बिऱ्हाडं एकेक करून कोथरूडला, सिंहगड रोडला गेली. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्याची नोटीस यायची. बिल्डरला दिला असता तर तुम्ही प्रश्नही विचारला नसता, सवयीने हळहळला असता.

आणि वाड्यात काम चालणं पुण्याला नवं आहे का? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती भिडे वाड्यात. विश्रामबागवाड्यात १८२१ पासून संस्कृत पाठशाळा भरली. वापरात राहिलेला वाडा टिकतो, हे मी ठामपणे म्हणते. पूर्वी मीच म्हणायचे की चूल विझली की वाडा संपला. त्या मुलीला मी आज विचारीन, कौलं चाळायचे पैसे तू कुठून आणणार होतीस?

माडीच्या कडीपाटावर, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या तक्तपोशीवर, वीतभर माती-मुरूम होता. घराच्या मजल्यावर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो, भार धरतात, ऑफिसला किमान अडीच. ती माती उतरवली आणि मजल्याचं स्वतःचंच ओझं इतकं कमी झालं की वाढीव भार जुन्या तुळयांनीच पेलला. भिंतींना सिमेंट लावू दिलं नाही. सिमेंटखाली ओल कोंडते आणि तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. चुनाच हवा, आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी स्वस्तात मिळत नाही. टेबलं सगळी चाकांची, वायरी सुट्या लाकडी पट्ट्यांत. उद्या सगळं उचललं तरी सागवानी खांबांवर एक खिळा सापडणार नाही. हे मी अभिमानाने सांगते.

पण तुम्हाला खरं विचारायचं असतं ते काकूंबद्दल, हे मला कळतं.

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत काकू शेवटपर्यंत होत्या. भाडं महिन्याला पस्तीस रुपये. वाड्याला जिना एकच, अंधारा, उभा, एका वेळी एकच माणूस चढेल असा. इतकी माणसं माडीवर बसवायची तर आग लागल्यावर बाहेर पडायला दुसरा जिना हवाच. नकाशावर तो काकूंच्या स्वयंपाकघरात उतरत होता. मी त्यांना नकाशा दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला, जिन्याच्या रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे माझा ओटा इथे.” मग विचारलं, “अगं, एका खुर्चीचं भाडं किती घेणार तुम्ही?” मी म्हटलं, साडेसहा हजार. “मग मी एक खुर्ची घेतली तर मला राहता येईल का इथे?”

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, काकू, रात्री बंद असतं. त्यांनी मान डोलावली आणि नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली.

त्यांना रीतसर मोबदला दिला, धायरीला भाचीच्या शेजारी फ्लॅट बघून दिला, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. हे सगळं खरं आहे, आणि हे सांगताना माझा आवाज चढतो हेही खरं आहे. काकूंसाठी वाडा थांबवला असता तर सज्जा त्यांच्याच अंगावर आला असता. तरीही त्यांच्या प्रश्नाला मी दिलं ते उत्तर वेळेबद्दलचं होतं, राहण्याबद्दलचं नव्हतं.

माझी एक आर्किटेक्ट मैत्रीण म्हणते, परसातून लोखंडी जिना काढून काकूंच्या खोल्या ठेवता आल्या असत्या. माझं म्हणणं, त्यात विहीर बुजवावी लागली असती आणि मागची भिंत फोडावी लागली असती. ती म्हणते, मग बुजवायची विहीर. यावर आमचं आजही पटलेलं नाही.